ताटावर आडवा हात

गेल्या महिन्यात गावी चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. मारुतीच्या पारासमोर मांडव, खाली ताडपत्री, आणि पंगतीत मी आईच्या शेजारी. पोळी झाली, वांग्याची भाजी झाली, बुंदी झाली, मग एक पोट्टा बादली-वगराळं घेऊन 'वरन घ्या, वरन' करत निघाला. वरणाला लसणाची आणि भिवापुरी मिरचीची फोडणी होती; तो चार ताटं लांब होता तेव्हाच नाकात ठसका बसला. माझ्या भातावर त्यानं सढळ हातानं ओतलं. आईपाशी आला आणि आईनं ताटावर हात आडवा धरला. पंगतीत 'नको' म्हणायचा हात मला ठाऊक आहे. त्यात थोडा लाडिकपणा असतो, बोटांमधून अर्धं वगराळं सुटेल एवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. हा पंजा सपाट होता, बोटं एकमेकांना चिकटलेली. रांगतं पोर चुलीकडं निघालं की त्याच्यापुढं धरतात तसा. पोट्टा म्हणाला, 'आजी, थोडं तं घे, गरम हाय.' आई म्हणाली, 'नाई रे बाप्पा.' आणि भाजीच्या तर्रीत भात कालवून जेवली.

तो हात पाहून माझं जेवण तुटलं वगैरे म्हणणार नाही. मी दोनदा भात घेतला. पण पुढचे दोन दिवस मी आईच्या ताटाकडं चोरून बघत राहिले. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात, चुलीपाशी, ताट मांडीवर घेऊन, आणि त्यांच्या ताटात काय आहे ते कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं. दोन्ही दिवस तिनं वरण केलं, सगळ्यांना वाढलं, गंज खरवडून उरलेलं वाटीत काढून झाकून ठेवलं. स्वतः ठेच्याशी भाकर खाल्ली.

तुरीच्या घरात हे असं!

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. कपाशीच्या काही ओळी, मग तुरीची एक, ही शेताची रांगोळी मी जन्मापासून पाहिलेली. दिवाळीनंतर तूर पिवळ्या फुलांनी लदबदते, पौषात शेंगा भरतात, आणि तेव्हा बाबा बांधावरच तीन दगड मांडून, पऱ्हाटीचा जाळ करून, जर्मनच्या गंजात मीठ टाकून शेंगा उकडायचे. त्या उकडलेल्या शेंगांचा हिरवट, किंचित तुरट वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहायचा. सोले घालून भात, सोले घालून वांगी. मग मळणी, मग डाळ. ती पहिल्यांदा शिजते तेव्हा घरात जो वास पसरतो त्याला नाव नाही. आई डाळ घोटायची ती सुद्धा गाणं म्हटल्यासारखी. बाबांचं म्हणणं होतं, 'वरन नाई तं जेवन नाई, नुसता चारा हाय.' त्यांना घट्ट लागायचं, पळी उभी राहील असं, वरून कच्च्या तेलाची धार आणि कांदा.

२०१२ च्या उन्हाळ्यात त्याच माणसाचं पोट सुजलं. तालुक्याला दाखवलं, सोनोग्राफी झाली, लिव्हर आकसलंय म्हणून सांगितलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे 'लिव्हर' शब्द कानावर पडला की लोकांच्या भुवया आपोआप वर जातात. बाबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. रक्तात हिपॅटायटिस बी निघाली, कुठून आणि कधी आली कोण जाणे. पण गावात खुलासा कुणाकुणाला देत फिरणार? भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना आईला दाराशी गाठून हळूच विचारायचा, 'घेत होते काय?' आई आधी भांडायची. नंतर भांडायचंही सोडलं.

डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती. गोळ्यांची यादी, आणि खाली वेगळ्या ओळीत : डाळ, दूध, अंडी, मटण बंद. 'बंद'खाली दोन रेघा. आई चौथी शिकलेली. तिनं ती चिठ्ठी मिठाच्या बरणीवरच्या खिळ्याला टोचून ठेवली आणि मंत्र पाळावा तशी पाळली. बाबांच्या ताटात पेज, साबुदाणा, दुधी, मऊ भात. बाबा ताटाकडं बघायचे, मग आईकडं, मग जेवायचे. एकदा त्यांनी बाजूला बसलेल्या नातवाच्या ताटातल्या वरणात बोट बुडवून चाटलं. आम्ही हसलो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी. 'प्रथिने शरीराची झीज भरून काढतात, ती अमिनो आम्लांची बनलेली असतात' हे वाक्य मी वर्षाला चार तुकड्यांना लिहून देते. पण चिठ्ठीसमोर माझं सगळं विज्ञान शेवटच्या बाकावर जाऊन बसलं. दर रविवारी फोन केला की पहिला प्रश्न हाच असायचा : 'आई, पथ्य पाळतेस ना?'

त्या सहा महिन्यांत बाबांचे दंड गेले. पोट गरोदर बाईसारखं, त्यामुळे वजन कमी झाल्याचं काट्यावर कळत नव्हतं, पण बनियनच्या बाहीतून हात काठीसारखा बाहेर यायचा. कानशिलं खोल गेली. ज्या माणसानं पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकून शिडी चढलेली मी पाहिली, तो खाटेवरून उठताना आधी दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवायचा. मग रात्री जागू लागले. दिवसा डुलक्या, रात्री टक्क. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हरचा डोक्यावर परिणाम होत असल्याचं हे पहिलं लक्षण होतं. आमच्या डोक्यात आलं नाही, कारण बाबांनी आयुष्यभर जागल केलेली. मचाणावर बसून रानडुकरं अन् रोही हाकलायचे. अंगवळणीच पडलंय, म्हटलं. अंगणात खाटेवर बसून ते अंधाराकडं बघत राहायचे. आईनं एकदा फोनवर सांगितलं की त्यांच्या तोंडाला गोडसर, कुबट वास येतो, ओलं धान्य बंद खोलीत राहावं तसा. तोही लिव्हरचाच होता. मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, त्यात गंधक. आतड्यातले जंतू त्यापासून वासाचे वायू करतात, निरोगी लिव्हर ते अडवतं. दुखावलेल्या लिव्हरला बगल देऊन ते फुप्फुसापर्यंत पोचतात आणि श्वासात उतरतात. डॉक्टर ज्याला लॅटिन नावानं ओळखतात ते आईनं अशिक्षित नाकानं आधी ओळखलं होतं. जागरणावर मात्र मी उपाय शोधला. माझ्या ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी नेऊन दिली.

भाऊबीजेच्या दिवशी बाबा उठले आणि चार वर्षांपूर्वी विकलेली बैलजोडी सोडायला गोठ्यात गेले. आईला त्यांनी आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. दुपारपर्यंत सदरा उलटा घालून दावं हातात घेऊन बसले होते, आणि कुणी घ्यायला गेलं की चिडत होते. माझ्या बापाला मी चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं त्यांना सांगितलं, 'बाबा, एसटीला हात दाखवता तसे दोन्ही हात समोर धरा.' बाबांनी धरले. पंजे पडत, उठत, पडत. झाडावर बसायला आलेल्या कावळ्याच्या पंखांसारखे. कागद देऊन चांदणी काढायला सांगितली. बाबांनी कागदाच्या कोपऱ्यात तीन रेघा काढल्या, त्या एकमेकींना कुठंच भेटत नव्हत्या, आणि खाली सही केली. सहीसुद्धा त्यांची नव्हती. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

चौथ्या दिवशी, एनिमे आणि गोड पाकासारख्या औषधावर बाबा पुष्कळ शुद्धीत आले, तेव्हा आहारतज्ज्ञ आली. पंचविशीची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी. तिनं आधी बाबांच्या दंडाचा घेर मोजला, मग 'काय खातात' विचारलं. आईनं चिठ्ठीचा पाढा म्हटला. पोरीनं पेन खाली ठेवलं.

'डाळ कोणी बंद केली?'

कुणीच बोललं नाही. ती रागावली नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती. मग तिनं हिशेब करून दाखवला : पोटातलं पाणी वजा जाता बाबांचं वजन धरलं ५२ किलो, किलोमागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६२ ते ७८ ग्रॅम. आम्ही देत होतो त्यात वीस तरी होते की नाही कुणास ठाऊक. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीसेक ग्रॅम असतात, आणि ती घरात पोत्यानं भरलेली होती.

नंतर मी वाचत सुटले, अपराधी माणूस वाचतो तसं. लिव्हर खाल्लेल्या प्रथिनांचा जकातनाका आहे हे मला माहीत होतं, पण नाका मोडल्यावर रस्त्यावर काय होतं ते माहीत नव्हतं. फिनाइलअॅलानिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं मोडण्याचं काम मुख्यतः लिव्हरचं. ते थकलं की ती रक्तात साचतात. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या तिघांचं उलटं. ती लिव्हरपाशी फारशी थांबत नाहीत, थेट स्नायूत जातात, आणि लिव्हर दुखावलं की रक्तातली त्यांची पातळी घटते. निरोगी रक्तात या तिघांचं त्या दोघांशी प्रमाण साधारण तिप्पट असतं. बाबांसारख्यांत ते बरोबरीच्या आसपास येतं. जोसेफ फिशर नावाच्या अमेरिकन सर्जननं १९७० च्या दशकात हे प्रमाण प्रसिद्ध केलं. मेंदूत शिरायला या सगळ्यांना फाटक एकच. जिनिंगच्या फाटकात एकाच गावच्या गाड्यांनी रांग धरली की बाकीच्यांचा कापूस बाहेरच ताटकळतो, तसं रक्तात जे जास्त ते आत जास्त शिरतं.

पण मला झोपू दिलं नाही ते पुढच्या गोष्टीनं. ती तीन आम्लं कमी का होतात? प्रथिनं मोडली की अमोनिया होतो, तो विषारी, आणि लिव्हर त्याचा युरिया करून लघवीवाटे घालवतं. हे चक्र १९३२ मध्ये क्रेब्ज आणि हेन्झेलाइट यांनी मांडलं. मी ते फळ्यावर काढलेलंही आहे. लिव्हर थकलं की अमोनिया पकडायला दुसरं कुणीतरी लागतं, आणि ते काम दंडाचा, मांडीचा स्नायू अंगावर घेतो. अमोनियाला बांधून तो ग्लुटामिन करतो, आणि त्यासाठी ल्युसिन-व्हॅलिन खर्ची घालतो. म्हणजे बाबांचे दंड घरच्या आजाऱ्यासाठी मजुरीला गेले होते. आणि आम्ही त्या मजुराची भाकर बंद केली होती. स्नायू जितका आटेल तितका अमोनिया पकडणारा हात कमी, म्हणजे पथ्य जितकं कडक तितकं डोकं धूसर.

ही बंदी आली कुठून, तेही शोधलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८७७ साली निकोलाय एक ('एक' हे आडनाव) या डॉक्टरनं कुत्र्यांची लिव्हरकडं जाणारी मोठी शीर लिव्हरला वळसा घालून थेट पुढच्या शिरेला जोडली. १८९३ मध्ये पावलोव (तोच, घंटीवाला) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की अशा कुत्र्यांना मांस दिलं की ती चिडकी होतात, झोकांड्या खातात, बेशुद्ध पडतात. ते खोटं नव्हतं. त्यातूनच प्रथिनं म्हणजे विष हा धडा पुस्तकांत शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत राहिला. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी डोक्यावर परिणाम झालेल्या अशाच रुग्णांत दोन गट करून पाहिले : एकाला प्रथिनं तोडून हळूहळू वाढवली, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून पुरेशी दिली. शुद्धीवर येण्यात फरक पडला नाही; उलट तोडलेल्यांच्या अंगातली प्रथिनं जास्त झिजली. आमच्या मिठाच्या बरणीवर चिठ्ठी टोचली गेली तेव्हा हे छापून आठ वर्षं झाली होती. रशियातल्या कुत्र्यांचं मटण माझ्या बापाच्या वरणापर्यंत पोचलं, बार्सिलोना मात्र तालुक्यापर्यंत पोचलं नाही. त्या डॉक्टरांवर मी बराच काळ मनातल्या मनात दात धरला. आता तेवढा नाही. त्यांनीही पाठ केलेलंच लिहिलं होतं, माझ्यासारखंच.

बाबांना मी युरियाचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. 'म्हंजे कारखाना माह्या पोटात होता, अन् मी एका पोत्यासाठी कृषी केंद्रावर रांगेत उभा राहो!'

त्यांचा गुरुवार मात्र सुटेना. गजानन महाराजांचा उपवास, चाळीस वर्षांचा. आहारतज्ज्ञ म्हणाली, 'आजोबा, तुमच्या लिव्हरमध्ये आता साखरेचा साठा राहत नाही. तुम्ही एक रात्र उपाशी झोपलात की चांगल्या माणसाचे दोन-तीन दिवसांचे उपवास होतात, आणि शरीर रातोरात स्नायू मोडून साखर करतं.' म्हणून झोपताना काहीतरी खायचंच, आणि मध्यरात्री जाग आली तर तेव्हाही. बाबा ऐकेनात. शेवटी आईनंच तोडगा काढला : 'महाराजाले चून-भाकर आवडे ना? मंग परसाद समजून खा.' तेव्हापासून रात्री दहाला वाटीभर फुटाणे किंवा चून आणि चतकोर भाकर. सकाळी त्या पोरीनं लिहून दिलेलं घट्ट वरण. मटण-अंड्यापेक्षा डाळीचं प्रथिन अशा पोटाला जास्त सोसतं, पोटही साफ ठेवतं, असं तिनं सांगितलं होतं. त्या तीन अमिनो आम्लांच्या तयार पावडरी मिळतात, महाग. डॉक्टर म्हणाले, डोकं स्वच्छ राहायला मदत होते, आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. दोन डबे घेतले, मग परवडेना. दंड पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. पण बाबा तीन वर्षं शुद्धीत होते, हिशेबाच्या वहीत स्वतः लिहीत होते. २०१६ च्या जानेवारीत गेले, तूर खळ्यावर असताना.

बारशाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई अंगणात तूर पाखडत होती. मी विचारलं. आधी म्हणाली, 'मले पचत नाई आता.' मी म्हटलं, पाटवड्या पचतात, चून पचतं, वरणच काय पचत नाही? सूप थांबलं.

'तुये बाबा रातचे जागत ना तवा,' ती म्हणाली, 'दोन वाजता म्हनत, भूक लागली. पेजेनं काय होते मानसाचं? म्या वरन देल्लं. कोजागिरीपासून. रोज वाटीभर. तुले नाई सांगतलं, तू फोनवर पथ्याचं इचारे. अन् मंग भाऊबीजेले तसं झालं.'

म्हणजे इतकी वर्षं मी एका गोष्टीनं जळत होते, आई दुसऱ्या. एकाच वाटीच्या दोन कडांनी. मला वाटत होतं आम्ही त्यांना उपाशी ठेवलं. तिला वाटत होतं तिनं त्यांना विष घातलं. नागपूरच्या पोरीनं नंतर डाळ द्यायला सांगितली त्यानं तिचं समाधान झालंच नव्हतं. 'तिनं सांगतल्यावर देल्लं ते येगळं. म्या न सांगता देल्लं होतं.'

मग मी शिकवायला बसले. मूठभर तूर घेऊन जमिनीवर मांडली : हे लिव्हर, हा दंड, हा अमोनिया. सांगितलं की ती वाटी दोष नव्हती, तीच औषध होती. दवाखान्यानं जे नंतर लिहून दिलं ते तू कोजागिरीलाच सुरू केलं होतंस, रात्रीच्या खाण्यासकट. मग भाऊबीजेला तसं का झालं? त्यांचं पोट पाच दिवस साफ नव्हतं, मी म्हटलं, त्यानं विष साचलं. ते खरंच होतं, दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे. त्याच ओळीत पुढं झोपेच्या गोळीचंही लिहिलेलं आहे. ते मी सांगितलं नाही.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मांडलेले दाणे एकेक वेचून परत सुपात टाकले. दोनदा पाखडलं, फोलपट वाऱ्यावर गेलं.

'मंग तवा अजून जास्त द्याले पाह्यजे होतं,' ती म्हणाली.